बॉक्स बदलण्याआधी खडूची रेघ मारा



मागच्या जिल्हा बैठकीत सभा तीनला संपली, पण मांडवाबाहेर पाचपर्यंत चर्चा रंगली ती एका जुन्या जीपची. गाडी आपल्याच एका कार्यकर्त्याची. पहिला गिअर टाकताना करकर वाजतो, म्हणून मिस्तरीने निदान केले : बॉक्स संपला, पाच गिअरचा टाकून घ्या. सांगितलेल्या आकड्यात त्याच्या एकरभर कांद्याची लागवड निघाली असती. आणि गडी पैसे मोजायला निघाला होता!

मी शेतकी पदवीधर, मिस्तरी नव्हे. पण अशाच जीपमधून जिल्हा पालथा घातला आणि याच सल्ल्याने एकदा फसलो, म्हणून लिहितो.

जुन्या महिंद्रा सीजे-३बी जीपचा मूळ बॉक्स विलिसच्या घराण्यातला, टी-९० नावाचा, तीन गिअरचा. त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश मुळातच नाही. गाडी पुरती थांबण्याआधी पहिला टाकला की तो वाजणारच. हा रोग नव्हे, स्वभाव आहे. थांबल्यावरही वाजत असेल तर आधी क्लच पाहा. पेडलला साधारण इंचभर खेळ हवा. तो फार वाढला की क्लच पुरता सुटत नाही आणि दोष बॉक्सच्या माथी येतो. दुसरा गिअर आपोआप निसटतो, हे मात्र खरे दुखणे. तिथेही आधी फोर्कची झीज आणि गोळी-स्प्रिंग तपासा. सगळा बॉक्स फेकायची वेळ क्वचितच येते.

तरी बदलायचाच असेल तर जुन्या बाजारात उभे राहून ओळख पटवा. गिअरच्या मुठीवरचे आकडे पाहू नका, मूठ कोणीही बदलतो. डिझेलने चिखल धुऊन ओतकामावरची अक्षरे वाचा. मग पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर खडूने रेघ मारा, पहिला गिअर टाका आणि पुढचा शाफ्ट हाताने फिरवा. मागच्याचा एक फेरा होताना पुढच्याचे २.८ च्या आसपास फेरे झाले तर ते टी-९० चे माप. वेगळा हिशेब निघाला तर बॉक्स वेगळा, नाहीतर आत भलतेच दात बसवलेले. बियाण्याच्या पिशवीला निदान १९६६ च्या कायद्याची चिठ्ठी असते. इथे चिठ्ठी आपणच लिहायची.

आणि बॉक्स एकटा येत नाही. टी-९० च्या मागे स्पायसर १८ ही ट्रान्सफर केस बसते आणि तिचे चक्र थेट बॉक्सच्या सहा खाचांच्या शाफ्टवर चढते. खाचा जुळल्या नाहीत तर दोन्ही बदला. या केसमधून मागचा जॉइंट ड्रायव्हरच्या बाजूने जातो, म्हणून मागचे डिफरन्शियलही मधोमध नसून उजवीकडे असते. मधून जॉइंट काढणारी केस आणली तर मागचे हाउसिंगसुद्धा बदलणे आले. बॉक्स लांब असेल तर मागचा जॉइंट कापावा लागतो, पुढचा वाढवावा लागतो. क्लचप्लेटच्या खाचा, पायलट बेअरिंग, बेलहाउसिंगची भोके ही आणखी वेगळी.

माझ्या गाडीत तालुक्याच्या एका गॅरेजने लांब बॉक्स बसवला आणि जॉइंट कापून दिला. आखूड जॉइंटचा कोन वाढला. पहिल्याच पावसाळ्यात घाटात क्रॉस तुटला, गाडीत सात माणसे! दगड लावून थांबवली. गॅरेजवाला म्हणाला, रस्ता खराब होता. रस्ता खराब म्हणूनच तर जीप घेतली होती, बाबा!

बदल कधीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. पेट्रोल जीपमध्ये ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवले असेल आणि रोज पक्क्या सडकेवर धावायचे असेल, तर चार-पाच गिअरला अर्थ आहे. पण इंजिनचा नंबर आरसी बुकात असतो. ते बदलताना आधी आरटीओची परवानगी घ्या, नोंद करा. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ चोपडे वाचून घ्या.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची अवजारे आणि मोटारी दोन्ही होत्या. आपली मागणी साधी हवी : प्रत्येक यंत्राची सुट्या भागांची यादी आणि आकृत्या मराठीत, मागेल त्याला. आज ती माहिती मिस्तरीच्या डोक्यात असते आणि तिचे भाडे आपण भरतो.

त्या कार्यकर्त्याच्या जीपचा क्लच आम्ही तिथेच, मांडवाच्या दोऱ्या सोडता सोडता, ताणून दिला. खर्च शून्य. घाई केली की पहिला अजून वाजतो. पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे जुन्या जीपा आहेत त्यांनी बॉक्सवरची अक्षरे कागदावर उतरवून आणावीत. जिल्ह्याची एक यादी करू.