चाळिशीतली नीट

बँकेची नोकरी सोडून ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) शिकावी असं डोक्यात आहे, हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी एकच विचारलं, “म्हणजे फिजिओच ना?” नव्हे. फिजिओथेरपिस्ट हात उचलायला शिकवतो. तो उचललेला हात घेऊन माणूस दिवसभर काय करणार, ही ओटीवाल्यांची काळजी.

मलाही हे आत्याच्या आजारपणात कळलं. तिला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. औषधपाणी झालं, व्यायाम झाले, काठी टेकत ती चालायलाही लागली. पण कपडे दुसऱ्याने घालायचे, घास दुसऱ्याने भरवायचा. मग डॉक्टरांनी ओटीची चिठ्ठी दिली आणि माझ्या भाचीच्या वयाची एक मुलगी घरी आली. पहिल्या दिवशी तिने व्यायाम घेतलाच नाही. ओट्याची उंची पाहिली, न्हाणीघराचा उंबरठा पाहिला, कपाटातले डबे उघडून पाहिले आणि आत्याला विचारलं, “आजी, कोणतं काम आधी स्वतःच्या हातानं करायचंय?”

आम्हाला वाटलं, आत्या देवपूजा म्हणेल. ती म्हणाली, “चहा.”

त्या चहासाठी मुलीने केवढी खटपट केली! पातेलं पाण्याने भरून उचलायचं नाही; ते आधी शेगडीवर ठेवायचं आणि पेल्याने त्यात पाणी ओतायचं. साखरेच्या डब्याचं फिरकीचं झाकण जाऊन एका हाताने उघडेल असं आलं. कप सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. आणि उजवा हात मांडीवर पडू द्यायचा नाही, तो फडक्याच्या कडेवर वजनासारखा ठेवायचा, म्हणजे तोही कामात राहतो. ब्लाउजचंही तसंच. घालताना दुबळा हात आधी बाहीत, काढताना मात्र तो शेवटी. हुकांच्या जागी वेल्क्रो. मनगट वाकडं होऊ नये म्हणून प्लास्टिकचा एक पत्रा गरम पाण्यात मऊ करून तिने आत्याच्या हातावर बेतला. काही मिनिटांत तो घट्ट झाला आणि स्प्लिंट तयार. मी कर्जाच्या फायली हातावेगळ्या करते, पण असं काही हातावेगळं झालेलं मी माझ्या टेबलावर कधी पाहिलं नव्हतं.

त्या मुलीकडे शास्त्र होतं, यात शंका नाही. मेंदूच्या कुठल्या भागाला इजा झाली की माणूस ताटातला डावीकडचा भात पाहतच नाही, हे घर चालवून कळत नाही. ते शिकावंच लागतं. पण आत्याला सुनेदेखत घास भरवून घेण्याची लाज का वाटते, नाडी बांधता न येणं म्हाताऱ्या पुरुषाला किती लागतं, एवढं मला आत्ताच ठाऊक आहे. म्हणून वाटलं, या कामाला माझं वय अडचण नसून भांडवल आहे.

चौकशी केली तेव्हा हे भांडवल कुठल्याच रकान्यात बसेना. आपल्याकडे ओटीची वाट बारावी विज्ञान, ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा आणि मग साडेचार-पाच वर्षांची पदवी अशीच जाते. मुंबईत केईएम, नायर, सायन, तिकडे नागपूरचं शासकीय मेडिकल, सगळीकडे दार एकच. नीटला आता कमाल वयाची अट नाही आणि माझं बारावीला जीवशास्त्र होतं, एवढी जमेची बाजू. पदव्युत्तर शिक्षण आहे, पण ते ओटीचीच पदवी असणाऱ्यांना. इंग्लंड-अमेरिकेत मात्र दुसऱ्या विषयाचा पदवीधर शरीररचना, मानसशास्त्र वगैरे पूर्वतयारीच्या अटी पुऱ्या करून थेट मास्टर्सला बसू शकतो. इंग्लंडात ते दोन वर्षांत होतं. प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या कामाचे किमान हजार तास ओटीच्या जागतिक महासंघाच्या निकषात आहेत, तेव्हा ते शिक्षण कच्चं म्हणायची सोय नाही. इथे आत्याची बाही नीट घालता यावी म्हणून मला आधी वनस्पतींचं वर्गीकरण पाठ करावं लागेल. शनिवार-रविवारी थेरपी शिकवून प्रमाणपत्र देणारे पुष्कळ आहेत, पण राज्य परिषदेकडे नोंदणी होण्याजोगी पदवी नसेल तर तो कागद फ्रेम करून लावण्यापुरता.

गंमत म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे आणलं तेच चाळिशी उलटल्यावर ते शिकलेल्या बाईने. कमला निंबकर हे नाव अनेकांना फलटणच्या बालभवन शाळेमुळे माहीत असतं. त्या मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी, जन्म 1900चा. निंबकरांच्या घरात सून म्हणून आल्या, इथल्याच झाल्या आणि पुढे पुन्हा अमेरिकेला जाऊन फिलाडेल्फियात ओटी शिकल्या. 1950 मध्ये, म्हणजे पन्नाशीला, त्यांनी केईएममध्ये देशातली पहिली ओटीची शाळा सुरू केली. 1952 मध्ये ओटीवाल्यांची अखिल भारतीय संघटना उभी केली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघात भारत संस्थापक सदस्यांत होता. आजच्या नियमांत बाईंना केईएमच्या वर्गात बसायचं असतं, तर आधी नीटचा क्लास लावावा लागला असता. बारावीतल्या मुलामुलींचा रस्ता बंद करा असं मी म्हणत नाही, पण पदवीधरांसाठी एक बाजूचं दार ठेवायला हरकत काय? बारावीनंतर एमबीबीएस न मिळाल्याने नाइलाजाने इकडे वळणाऱ्यांपेक्षा, हेच करायचंय म्हणून येणारे चार प्रौढ विद्यार्थी वर्गाला जड होणार नाहीत.

आत्याच्या थेरपिस्टला हे सगळं बोलून दाखवलं. ती हसली नाही, हे तिचं सौजन्य. उलट सरळ सांगितलं, “सुरुवातीचा पगार तुमच्या पेन्शनच्या हिशेबात धरू नका. माणसं उचलून-वळवून कंबर जाते. आणि दहातल्या आठ घरांत मला मालिशवाली समजतात.” मग म्हणाली, सुट्टीच्या दिवशी सोबत या, परवानगी काढते, कोपऱ्यात बसून बघा. ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर सकाळ काढा, मग ठरवा. आजी-आजोबांवर जीव असणं वेगळं आणि चार माणसांनी धरूनही दात घासू न देणाऱ्या पाच वर्षांच्या पोरासोबत काम करणं वेगळं.

ती सुट्टी मी घेतली आहे. नीटचा अर्ज मात्र यंदा नाही. घरातला एक उमेदवार आधीच बारावीत आहे आणि त्याने बजावलंय की, परीक्षेला आई एकाच केंद्रावर आली तर तो पेपर देणार नाही.