किती घेता आणि काय देता?

बारावीचा निकाल लागला की एसटी स्टँडसमोर आणि तालुक्याच्या चौकात इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए कॉलेजांचे फ्लेक्स लागतात. हसऱ्या मुलामुलींचे फोटो, कंपन्यांची नावे आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. एक एकर विकून पोराला शिकवायचे ठरवलेला बाप त्या फ्लेक्सखाली उभा राहून आकडा वाचतो आणि त्यावर भरवसा ठेवतो. त्या आकड्याची शहानिशा कोणीही केलेली नसते. ही फसवणूक आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत, भर रस्त्यात चालली आहे.

राज्यात कायदे नाहीत असे नाही. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यामुळे खेड्यापाड्यांतली मुले इंजिनिअर झाली, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याच वाटेने डोनेशनही आले आणि 1987 मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. पुढे 2015 च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी ते ठरवून देते. मात्र फी ठरली म्हणजे खर्च कळला असे होत नाही. वसतिगृह, मेस, अनामत, बस, गणवेश, निरनिराळ्या नावांची किरकोळ आकारणी, हे सगळे मिळून चार वर्षांत किती पैसे लागतील हे प्रवेशाआधी एका कागदावर लिहून देणारी कॉलेजे किती सापडतील? 2024 पासून वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले. निर्णय चांगला आहे. पण ‘फी माफ’ एवढेच ऐकून आलेल्या मुलीच्या आईला बाकीच्या रकमा काउंटरवर कळणार असतील, तर त्या माफीतला अर्धा दिलासा तिथेच संपतो.

खरा अंधार पुढे आहे. प्लेसमेंट झालेल्यांचा किमान, कमाल आणि सरासरी पगार जाहीर करा, असे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद कॉलेजांना सांगते. आता हिशेब पाहा. साठ जणांच्या वर्गातल्या दहा जणांना नोकरी लागली आणि त्यांचा सरासरी पगार वर्षाला 5 लाख आला, तर जाहिरातीत 5 लाख छापता येतात. उरलेले पन्नास त्या सरासरीत कुठेच नसतात. ‘पात्र’ विद्यार्थ्यांपैकी शंभर टक्के म्हणायचे आणि पात्र कोण हे स्वतःच ठरवायचे, हीही एक रीत आहे. हातात ऑफर लेटर पडले पण कंपनीने रुजू करून घेतलेच नाही, असा मुलगाही आकड्यात धरता येतो. आणि हे सगळे आकडे देणारी संस्था तीच, जिला जागा भरायच्या आहेत.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने 2012 मध्ये कायदा करून प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पदवीधरांची कमाई प्रसिद्ध करायला लावली. कॉलेजचा शब्द तिथे प्रमाण धरला जात नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी राज्याकडच्या वेतननोंदींशी जुळवल्या जातात. आपल्याकडे विद्यापीठांजवळ पदवीधरांची यादी आहे, सरकारी यंत्रणेजवळ भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी आहेत. कोणाचेही नाव उघड न करता त्या जुळवता येतील. अडचण इच्छेची आहे. ज्या विधिमंडळाने असा कायदा करायचा, त्यातल्या कित्येक सदस्यांच्या स्वतःच्याच शिक्षणसंस्था आहेत.

पण सारा दोष शिक्षणसम्राटांच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. जाहिरातीतला आकडा खोटा आहे हे त्याच कॉलेजच्या प्राध्यापकाला ठाऊक असते. तीच जाहिरात पानभर छापणाऱ्या वर्तमानपत्राला तो आकडा पडताळून पाहावासा वाटत नाही. आणि आपण शिकलेली माणसे? आपल्या मुलाच्या प्रवेशाआधी पुण्यातल्या मावसभावाला फोन करून आतली माहिती काढतो आणि गप्प बसतो. ज्याच्या नात्यात असा कोणी नाही, त्या ऊसतोड मजुराच्या मुलीला आपण फ्लेक्सच्या हवाली करतो. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सुनावले होते की सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो. आज रयत स्वतःची फी स्वतः भरते, तरी तिला हिशेब मिळत नाही.

याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकले. आज विद्यार्थ्याची आई संस्थेचा हप्ता भरण्यासाठी मंगळसूत्र गहाण ठेवते, आणि त्या संस्थाचालकाचा आपण शिक्षणमहर्षी म्हणून सत्कार करतो, त्याच्या गाडीला वाट करून देतो. ही आपली लाज आहे.

प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोचले, किती जणांना काम लागले, वर्षभरानंतर ते काय कमावतात आणि पूर्ण शिक्षणाचा एकूण खर्च किती, हे तपासून जाहीर करणे बंधनकारक करणारा कायदा राज्याने केला पाहिजे. खोटा आकडा देणाऱ्याचे प्रवेश थांबले पाहिजेत. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला या कायद्याबद्दल विचारा. आणि तो होईपर्यंत, पालकहो, पैसे भरण्याआधी ही माहिती कॉलेजकडे लेखी मागा. जे देणार नाही, तिथे पोराचे नाव घालू नका.