पोटातली साखळी



गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या आजींना चार पायऱ्या चढल्या की दम लागायचा. कुपत खोलिममध्ये रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन फार उतरलेलं. आम्हीच त्यांच्याबरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी दोनदा विचारल्यावर आजी हळूच म्हणाल्या, “गुडघ्यांसाठी मैत्रिणीने दिलेल्या गोळ्या खाते रोज. त्यात काय सांगायचं?”

मुलांनो, ह्या गोळ्यांचा आतड्याशी काय संबंध, ते ऐका. आतड्याच्या आतलं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. तुम्ही साखळी खेळताना हात घट्ट धरता ना, तशा ह्या पेशी एकमेकींना धरून उभ्या असतात. अन्नाचा रस आत घ्यायचा, जंतूंना मात्र बाहेरच थोपवायचं! त्यांच्या अंगावर भेंडी चिरताना सुटतो तसला बुळबुळीत थर असतो. थकलेल्या पेशी गळून पडतात, खालून नव्या येतात, आणि तीन ते पाच दिवसांत जवळजवळ सगळं अस्तर नवं होतं. आमच्या बिल्डिंगला रंग लागायला मात्र बारा वर्षं लागली.

जठर आणि आतड्याचं हे अस्तर धड राहावं म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवतं. अ‍ॅस्पिरिन ती बनू देत नाही, हे जॉन वेन ह्यांनी १९७१ साली दाखवलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्या गोळ्याही तेच करतात. दुखणं थांबतं, पण पहाराही ढिला पडतो. जेवून घेतली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण गोळी रक्तातूनही आपलं काम करते, तेव्हा नुसत्या जेवणाने भागत नाही.

आजींच्या जठरात आणि मोठ्या आतड्यात नळीने पाहिलं, काही सापडलं नाही. मग त्यांनी कॅमेऱ्याची गोळी गिळली. ही युक्ती आपल्याच इस्रायलच्या गॅव्रिएल इदान ह्या इंजिनियरची, २००१ पासून वापरात आहे. तिने लहान आतड्यातल्या बारीक जखमा दाखवल्या. त्या गोळ्या बंद झाल्या, डॉक्टरांनी अकामोल दिलं, आणि दोन-तीन महिन्यांत रक्त वर आलं. (हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल त्यांनी हे वाचून ती आपल्या मनाने सोडू नये हं! आधी डॉक्टरांना विचारा. शौचाला काळं होत असेल तर उशीर करू नका.)

आजींच्या नातवाला मात्र एकच काळजी होती, तो कॅमेरा परत द्यावा लागतो का? नाही रे बाबा. सकाळी संडासात जातो, कोणी मागत नाही.