सुट्टीतली सायकल आणि आपलं बेट

'बेटावरची सहल' हा निबंध वर्गात दिला की पंचवीस वह्यांत अंदमान येतं आणि उरलेल्यांत लक्षद्वीप. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं. लिहिणारं मूल राहतं बोरिवलीत, आणि बोरिवली स्वतः बेटावर आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं!

मुंबई सात बेटांची, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पण या यादीत अंधेरी कुठे आहे? घाटकोपर, मुलुंड? नाहीच. आपली उपनगरं आहेत साष्टी बेटावर. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची आणि पश्चिमेला अरबी समुद्र. १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला, तोपर्यंत वांद्र्याहून माहीमला जायला होडीच लागायची. आता पुलावरून जाताना खालचं पाणी आपल्याला दिसतही नाही. मुलांना तर गाडीच्या काचेतून फक्त होर्डिंग दिसतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की पाचवी-सहावीच्या मुलांना सुट्टीत एकदा तरी सायकलवर गोराईला न्यावं. बोरिवली पश्चिमेच्या जेट्टीवरून सायकलसकट बोटीत चढायचं, खाडी ओलांडायची. पलीकडे गोराई गाव, पुढे मनोरी. मनोरीहून बोटीने मार्व्याला उतरलं की मालाड. गोराई, मनोरी, उत्तन हा सगळा पट्टा पूर्वी धारावी बेट म्हणून ओळखला जायचा. (झोपडपट्टीची धारावी वेगळी हं!) इथला धारावी किल्ला मराठ्यांनी १७३९ च्या वसई मोहिमेत पोर्तुगिजांकडून घेतला. चिमाजी अप्पांचा धडा शिकवताना हे सांगून बघा, मुलं कान टवकारतात.

सायकलच का? तर सायकलवरून वास येतो. वाळत घातलेल्या बोंबलांचा, तिवरांच्या चिखलाचा. चढ पायाला कळतो, वारा कुठून येतोय ते छातीला कळतं. भरती-ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलंय! पण सकाळी पाण्याखाली असलेली तिवरांची मुळं दुपारी उघडी पडलेली पाहिली की ते वाक्य पाठ करावंच लागत नाही. उन्हाळ्यात गेलात तर ताडगोळेही खा, तोही अभ्यासच.

पालक म्हणतात, "बाई, रस्त्यावर सायकल? नको गं बाई." भीती खरी आहे. लिंक रोडवर मीही मुलाला एकटं सोडणार नाही. पण म्हणून सायकल सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरून भंगारात जावी का? मोठ्या रस्त्यावर सायकल हातात धरून जेट्टीपर्यंत चालत जा. पहाटे निघा, हेल्मेट घाला, चार मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा. समुद्रात मात्र कुणीही उतरायचं नाही, यावर चर्चा नाही.

आणखी एक. तिथले कोळी आणि ईस्ट इंडियन लोक म्हणजे आपल्या सहलीतलं प्रेक्षणीय स्थळ नव्हेत. अंगणात घुसून फोटो काढायचे नाहीत. आधी नमस्कार करायचा, मग विचारायचं. त्यांची मराठी आपल्या पुस्तकातल्या मराठीहून वेगळी आहे, ती मुलांनी कान देऊन ऐकावी आणि दहा शब्द वहीत लिहून आणावेत. माशांची, जाळ्यांची, होडीच्या भागांची नावं.

दिवाळीनंतर तोच निबंध पुन्हा देणार आहे मी. यावेळी अंदमान लिहिलंत तरी चालेल, पण स्वतः जाऊन आला असाल तरच!