ही बाई दळत न्हाई

यंदा आमच्या मराठी विभागाने जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे ठरवले, तेव्हा उत्साहाने हात वर करणाऱ्यांत मी पहिली होते. कारण उघड होते. सुट्टीत मी पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत मदतनीस म्हणून जाते. तिथे व्हॉल्व्हची एक चॅनल स्ट्रिप आहे. आणि सातारा जिल्ह्यातल्या माझ्या आत्याला ओव्या येतात. यंत्र हाताशी, गळा घरचा. मग अडचण कसली? त्या उत्साहात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगण्यासाठी आणि त्यातून बनलेले माझे मत मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मायक्रोफोनकडून येणारा विद्युत्संदेश फार अशक्त असतो. तो वाढवणारा प्रीअँप्लिफायर, आवाजातला खर्ज आणि तीक्ष्णपणा कमी-जास्त करणारा इक्वलायझर, आणि मोठा आवाज आपोआप दाबणारा कॉम्प्रेसर, अशी तीन यंत्रे एकाच लांबट पेटीत बसवली की झाली चॅनल स्ट्रिप. आमच्या पेटीत संदेश वाढवण्याचे काम काचेचा व्हॉल्व्ह करतो. आजोबांच्या पिढीने व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिलेला आहे. बटण फिरवल्यावर तो तापेपर्यंत वाट पाहावी लागे. ही पेटीही तशीच. अर्धा तास आधी सुरू करून ठेवली तर बरे. झाकण मात्र कोणी हौसेने उघडू नये; आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात, आणि बटण बंद केल्यावरही काही काळ ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात.

व्हॉल्व्ह ही तशी जुनी गोष्ट. फ्लेमिंगने १९०४ मध्ये पहिला व्हॉल्व्ह केला, ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये त्यात तिसरा ध्रुव घातला, आणि पुढे संदेश वाढवणे शक्य झाले. त्याआधी गाणाऱ्याला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजानच्या तबकड्या निघाल्या त्या अशाच. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ पासून आले. कर्ण्याच्या काळात जोराची तान आली की गाणारा मागे सरके, हळुवार जागा आली की पुढे येई. म्हणजे आवाज सांभाळण्याचे काम गाणाऱ्याची पावले करत होती. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. पण वाचणे वेगळे आणि उमजणे वेगळे.

१९४७ साली ट्रान्झिस्टर निघाला, तो स्वस्त आणि टिकाऊ ठरला, तरी व्हॉल्व्ह स्टुडिओतून गेला नाही. लोक म्हणतात, त्याने आवाजाला ऊब येते. ही ऊब म्हणजे काय? व्हॉल्व्हला जास्त संदेश दिला की तो आवाज किंचित बिघडवतो. मूळ स्वराच्या जोडीला वरच्या सप्तकातला तोच स्वर अगदी बारीक मिसळतो, आणि आवाजाचे टोकदार शेंडे गोलसर होतात. थोडे असेल तर कानाला गोड लागते. फार झाले की आवाज फाटतो. म्हणजे ऊब ही यंत्राने दिलेली देणगी नसून मोजून केलेला बिघाड आहे. मोजणे सुटले तर फक्त बिघाड उरतो.

आता माझी चूक. आत्या गावाहून आली. तिला मी खुर्चीवर बसवले आणि तोंडापासून एक वीत अंतरावर मायक्रोफोन लावला. आमच्या पेटीला दोन बटणे आहेत: संदेश आत किती घ्यायचा त्याचे एक, आणि बाहेर किती सोडायचा त्याचे दुसरे. आतले वाढवून बाहेरचे कमी केले की संगणकात आवाजाची पातळी तेवढीच राहते, पण व्हॉल्व्हवर ताण पडतो आणि ‘ऊब’ वाढते. मी आतले बटण चांगले पुढे नेले. कॉम्प्रेसर सहास एक ठेवला. म्हणजे ठरलेल्या उंबरठ्यावर आवाज सहा डेसिबल चढला, तर बाहेर तो एकच डेसिबल चढणार. उंबरठाही खाली आणला. हेडफोन लावले, आणि काय सांगू! आत्याचा आवाज दाट, भरदार, थेट कानाशी आल्यासारखा. मीटरचा काटा डौलात हलत होता. चाळीस ओव्या झाल्या. मला वाटले, विभागात माझे नाव होणार.

मग आत्याला ऐकवले. पहिली ओवी ती मान हलवत ऐकत होती. दुसऱ्या ओवीला तिने मान हलवायची थांबवली. तिसरी संपल्यावर म्हणाली, “पोरी, ही बाई गाती चांगलं, पर दळत न्हाई.”

मी हसले. तिला यंत्रातले काय कळते, असे मनात आले. आज हे लिहिताना लाज वाटते. रात्री स्टुडिओत एकटीच बसून पुन्हा ऐकले, तेव्हा कळले. आत्या खुर्चीवर बसली असली तरी गाताना स्वस्थ नव्हती. मुठी वळलेल्या, अंग कमरेतून पुढे-मागे. जाते नव्हते, पण दळण चालू होते. पुढे झुकली की तोंड मायक्रोफोनच्या अर्ध्या वितीवर येई, मागे गेली की पुन्हा एक वीत. अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. शिवाय खुंटा ओढताना लागणारा जोर तिच्या गळ्यातही उतरत होता. ओवीची लय ती हीच. माझ्या कॉम्प्रेसरने ते सहा डेसिबल एकावर आणून ठेवले. झोका गेला. शब्दांच्या मधला श्वास शब्दांइतकाच मोठा झाला. भावाचे नाव घेताना ती आवाज चढवते; तिथे व्हॉल्व्हने तो फाडला होता. दाटपणाच्या मोहात मी तिचे जातेच काढून घेतले होते.

दुसऱ्या बैठकीत आम्ही सगळे बदलले. आत्याला घोंगडीवर बसवले, एक पाय लांब, एक दुमडलेला, हाताशी लाकडी स्टुलाचा पाय धरायला. मायक्रोफोन तीन विती दूर, तोंडाच्या रेषेपासून थोडा बाजूला. तीन विती अंतर असले की अर्धी वीत पुढे-मागे झाल्याने दीड डेसिबलचाच फरक पडतो. आवाज हाताबाहेर जात नाही आणि झोकाही राहतो. जवळून गायल्यावर उगाच वाढणारा खर्जही आपोआप टळला. दूरचा मायक्रोफोन खोलीचाही आवाज घेतो, म्हणून पंखा बंद केला आणि दारावर गोधड्या टांगल्या. तिला सगळ्यात जोराची ओवी म्हणायला लावून आतले बटण तिच्यावर बेतले: व्हॉल्व्ह शांत राहील एवढेच. संगणकात सर्वांत उंच शेंडा पूर्ण पातळीच्या बारा डेसिबल खाली. ऐंशी हर्ट्झच्या खालची रस्त्यावरची घरघर फिल्टरने काढली. इक्वलायझर सपाट. कॉम्प्रेसर बंद. हे ऐकून आत्या एवढेच म्हणाली, “हां. आता पीठ पडतंय.”

पण त्या दिवशी तिला अठ्ठावीस ओव्याच आठवल्या. वय झाले आहे, दम लागतो, आणि ओवी मागून येत नाही. एकीच्या मागून दुसरी येते. उरलेल्या बारा ओव्या माझ्याजवळ पहिल्याच बैठकीतल्या आहेत, दाबलेल्या आणि फाटक्या. संगणकात पेटीच्या पुढचा आवाज गेला होता; आधीचा कुठेच ठेवलेला नव्हता. दाबलेला आवाज उलट फुगवता येतो असे म्हणतात. मी करून पाहिले. फुगतो, पण आत्या परत येत नाही.

माझा एक वर्गमित्र म्हणतो, “आता सगळे नंतर संगणकावर करता येते, मग एवढा विचार कशाला?” मी त्याला म्हणते, नंतर घालता येते, म्हणूनच आधी घालू नये. घातलेले काढता येत नाही. स्टुडिओचे मालक काका वेगळे म्हणतात: गाण्यामागे तबला-सिंथेसायझर असेल तर आवाज दाबूनच घ्यावा लागतो, नाहीतर तो बुडतो, आणि मुद्रणाच्या वेळीच निर्णय घेण्याची सवय चांगली. त्यांचे मला पटते. १९६० च्या दशकात लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सची कितीतरी गाणी व्हॉल्व्हच्या यंत्रांतून गेली, तिथे आवाज मुद्दाम दाबला गेला, आणि ती कलाच आहे. पण तिथे नवीन काही घडवायचे होते. आपल्याला जे आहे ते ठेवायचे आहे. या दोन कामांत गल्लत करणे, हीच माझी चूक होती.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एवढ्या मोठ्या कामापुढे आपल्या विभागाचे काम खारीचे. पण खारीने आणलेली वाळूसुद्धा वाळूच असावी. म्हणून विभागाला माझी विनंती आहे. ओव्यांसाठी भारी पेटी मिळाली तर जरूर वापरावी. पण तिच्यातली निम्मी बटणे बंद ठेवण्याची तयारी असेल तरच. ती नसेल तर साधा रेकॉर्डर आणि शांत खोली बरी. आणि मुद्रण झाल्यावर ते सर्वांत आधी गाणारीला ऐकवावे, आपल्या मित्रांना नव्हे. मीटरचा काटा किती हलला हे आपण सांगू शकतो. पीठ पडले की नाही, हे तीच सांगेल.