किमरिजच्या चकत्या नाणी नव्हेत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या किमरिजच्या परिसरात काळ्या शेल दगडाच्या लहान चकत्या सापडतात. बहुतेक रोमन अमलातल्या. कुठे एका बाजूला दोन-तीन भोकं, कुठे मध्यावर चौकोनी खाच. हा शेल तिथे कोळशासारखा जाळत, म्हणून चकत्यांना नाव पडलं 'कोळशाची नाणी'. 1826 साली विल्यम ऑगस्टस माइल्स यांनी तर पुस्तक लिहून त्यांचा संबंध फिनिशियनांशी जोडला.

या मतामागचा तर्क असा: वस्तू गोल आहे, भोक आहे, ढिगाने मिळते, उपयोग मात्र कळत नाही, तेव्हा ते चलन, नाहीतर पूजेतलं काहीतरी. हा तर्क मुळातच चुकीचा आहे. आपल्याला उपयोग कळला नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. चलनाला वजनाचा, मापाचा, निदान छापाचा मेळ लागतो. इथे व्यास वेगळा, जाडी वेगळी, भोकांची संख्याही वेगळी. काही भोकं तर आरपारही नाहीत. अशी चकती दोरीत ओवणार कशी?

चकतीची कड नीट बघा. तिच्यावर सलग गोल रेघा आहेत. दगड फिरतो आणि हत्यार एका जागी धरलेलं असतं, तेव्हाच अशा रेघा उमटतात. मग भोकांचाही उलगडा होतो: त्यांत लेथच्या खुंट्या बसत. चौकोनी खाचेत चौकोनी टोक अडकलं की दगड घसरत नसे. कारागीर बाहेरच्या बाजूने बांगडी कातून घेई आणि मधला गाभा फेकून देई. तोच गाभा म्हणजे ही चकती. सोबत मोडक्या बांगड्या आणि चकमकीच्या दगडाची पाती मिळतात. रोमन काळात, लोखंड हाताशी असताना, शेल कातायला दगडी धार वापरत, ही गोष्ट मला कुठल्याही फिनिशियन कथेपेक्षा मोलाची वाटते. जॉन सिडनहॅम यांनी 1844 मध्येच हा कातकामाचा अर्थ मांडला होता.

अशा चकतीला सरसकट टकळीची चकती म्हणणंही तितकंच घाईचं. टकळीला भोक आरपार आणि बरोबर मध्यावर हवं, नाहीतर ती डगमगते आणि सूत तुटतं. शेलच्या टकळीच्या चकत्या रोमन ब्रिटनमध्ये होत्या, हे खरं. पण बाजूला सरकलेल्या खुंटीच्या भोकाला टकळीत जागा नाही. म्हणून नोंदवहीत 'भोक असलेली चकती' एवढंच लिहून थांबू नये. भोक किती खोल, कुठे, गोल की चौकोनी, कडेवर रेघा आहेत का, हेही लिहावं.