शेवटची पायरी खालून मोजावी

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. असं केंद्र चालतं ते एक पाळी आपलं काम पुढच्या पाळीच्या हाती नीट सोपवते म्हणून. स्काऊटमधल्या राष्ट्रपती पुरस्काराकडेही याच नजरेनं पाहायला हवं. प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि मग राष्ट्रपती पुरस्कार, असा हा काही वर्षांचा चढ आहे. तो चढलेल्या मुलाची योग्यता गणवेशावरच्या बिल्ल्यांवरून ठरू नये. त्यानं आपल्या मागून किती जणांना वर आणलं, यावरून ती ठरावी.

ही अपेक्षा बाहेरून लादलेली नाही. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राऊनसी बेटावर पहिलं शिबिर भरवलं, तेव्हाच मुलांचे छोटे संघ पाडून प्रत्येकाला मुलांमधलाच नायक दिला होता. आजही पथकात धाकट्याला गाठ शिकवतो तो संघनायकच. त्रिकोणी पट्टीची झोळी बांधताना उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर घेतलं, तर रीफ नॉट सपाट बसते आणि हवी तेव्हा सुटते. दोन्ही वेळा एकच बाजू वर घेतली, की गाठ सरकते. स्वतःला हे जमणं सोपं आहे. दुसऱ्याची चूक ओळखून, न चिडता त्याच्याकडून ती पुन्हा बांधून घेणं अवघड, आणि नेतृत्व म्हणतात ते हेच.

कुणी म्हणेल, मुलं येतात ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी, पुढे रेल्वेतल्या स्काऊट-गाईड कोट्यासाठी. येऊ देत की! कष्टाच्या घरातल्या मुलानं त्यात लाभ पाहिला तर गैर काय? चूक होते ती शाळा गुणांपाशीच थांबते तेव्हा. ‘खरी कमाई’ उपक्रमात मुलांनी स्वतः काम करून मिळवायचे पैसे पालकांनीच भरले आणि नोंदवह्या शिक्षकांनीच लिहिल्या, तर प्रमाणपत्र खरं असूनही मूल रिकामंच राहतं. दुसरा आक्षेप, ही चळवळ इंग्रजांची. पण सुरुवातीला इथल्या पथकांत भारतीय मुलांना प्रवेशच नव्हता. म्हणून मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. पुढे ७ नोव्हेंबर १९५० ला वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स अँड गाईड्स झाली. ही आपण झगडून मिळवलेली गोष्ट आहे.

शिकलेले हात किती लागतात, हे नाशिकला ठाऊक आहे. इथल्या २००३ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. पुढचा सिंहस्थ दारात आहे. गोदाकाठच्या गर्दीत वाट दाखवणारे, झोळी बांधणारे हात एका मुलाच्या पुरस्कारानं पुरणार नाहीत. म्हणून पुरस्काराच्या अर्जात एक रकाना वाढवावा: तू कुणाला शिकवलंस?